वारलूच्या पायातली जोडी

सन सत्याऐंशीत मी गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात सर्जन होतो आणि माझा राग अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. बांबू तोडताना माझ्या वॉर्डातल्या वारलूच्या पायात खुंट घुसला होता. वर्ष झालं तरी जखम भरेना. शेवटी येत्या सोमवारी गुडघ्याखाली पाय कापायचा, असं मी ठरवलं.

"पाय गेला तं मी जंगलात कसा जाऊ, डाक्टर?" वारलूनं विचारलं. मी त्याच्यावरच खेकसलो.

प्रयोगशाळा इंदुताई रामटेके सांभाळायच्या. पुवातला एक जंतू निवडायचा, तो वेगळा वाढवायचा आणि त्याला कोणतं औषध मारतं ते कळवायचं, ही आमची पद्धत. पण वारलूच्या बाबतीत इंदुताईंच्या रिपोर्टात एकदा हिरवट जंतू यायचा, तर पुढच्या खेपेला सोनेरी. "काय ते एक नक्की करा!" म्हणून मी त्यांना भर वॉर्डात झापलंही होतं.

गुरुवारी त्या काचेच्या दोन बशा घेऊन आल्या. हिरवट जंतूचा मोहफुलासारखा गोडसर वास टेबलभर पसरला.

"साहेब, चूक आपल्या दोघायची हाय. आपण एकालेच पाह्यतो, अन् हे राह्यतात संगं. सोनेरी एकटा असला तं या औषधानं मरते. हिरव्याच्या सोबतीनं मरत नाई. पाहा."

पहिल्या बशीत सोनेरी एकटाच होता आणि औषधाच्या टिकलीभोवती जंतू मेल्याचा स्वच्छ गोल होता. दुसरीत दोघांना एकत्र वाढवलं होतं, तिथे सोनेरी ठिपके टिकलीला भिडले होते. चोर चोर मावसभाऊ! सांगितलं नसताना, सुट्टीच्या दिवशी येऊन या बाईंनी हे शोधलं होतं. त्यांच्यापुढे मला माझी पदवी लहान वाटली, आणि खरं सांगतो, तसं वाटून बरंही वाटलं.

"मग करायचं काय?"

"दोघायले एकाच वेळी धरा."

मी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. दोन औषधं एकदम सुरू केली, मेलेलं मांस रोज स्वतःच्या हातानं काढलं. दहाव्या दिवशी जखमेत लालसर मांस धरलं. तीन महिन्यांनी ती भरली.

घरी जायच्या दिवशी वारलू चालत प्रयोगशाळेत गेला आणि इंदुताईंच्या पाया पडायला वाकला. त्या झटकन मागे सरल्या.

"उठ, भाऊ. कोणाच्या पाया पडासाठी नाई वाचवला तुले. स्वतःच्या पायानं जाय."