एर्गाश दोमलांच्या बोअरचं पाणी
भूकंप येण्याआधी जमिनीच्या पोटातल्या पाण्यात रेडॉन वायू वाढतो, अशी एर्गाश दोमलांची खात्री होती. दोमला म्हणजे गुरुजी. ताश्कंद हादरलं तेव्हा ते सात वर्षांचे होते. धाकटी बहीण भिंतीखाली सापडून गेली. पुढे सगळा जन्म त्यांनी डोंगरपायथ्याच्या खोल बोअरचं पाणी तपासण्यात घालवला. लकव्यानं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा काम त्यांच्या विद्यार्थिनीच्या, झुलहुमोरच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं लोक म्हणत. तिला तसं कधी वाटलं नाही. या पाण्यापायीच तिनं कोरियातली नोकरी सोडून दिली होती.

मग संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आली. तरुण संचालक झुलहुमोरला ओपा, म्हणजे ताई, म्हणायचा. तो म्हणाला, "ओपा, तुमच्या बोअरची सगळी माहिती टाका की हिच्यात. माणसाला दिसत नाही ते हिला दिसतं."

झुलहुमोरनं मोठ्या आशेनं माहिती टाकली. भूकंप, पाऊस, हवेचा दाब, सगळं. उत्तर आलं: वायूचा चढउतार पावसाशी आणि हवेच्या दाबाशी जुळतो. भूकंपाशी त्याचा काहीही संबंध नाही.

तिनं उलटसुलट करून पुन्हा विचारलं. एकेका बोअरचं वेगळं, फक्त मोठ्या धक्क्यांचं वेगळं. शेवटी यंत्राची चूक पकडायला स्वतःच गणितं मांडून बसली. गणितंही यंत्राच्याच बाजूनं गेली.

खोटं बोलायचं असं ठरवूनच ती दोमलांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, ओयनिसा ओपानं, दारातच तिचा हात धरला. "काय असेल ते जरा गोड करून सांग गं. सकाळपासून वाट बघतायत."

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" दोमलांनी उशीवरूनच विचारलं.

"अजून चाललंय त्याचं, दोमला."

"पोरी, तुला खोटं कुठं बोलता येतं? आण तो आलेख इकडं."

चांगल्या हातात कागद धरून ते बराच वेळ पाहत राहिले.

"पाऊस?"

"हो."

"सगळ्याच बोअरना?"

"सगळ्याच."

"तू स्वतः ताडून पाहिलंस?"

"पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं."

"किती वेळ लागला यंत्राला?"

झुलहुमोर त्यांची उशी सरळ करू लागली.

"विचारतोय मी."

"पुढ्यातला चहा निवायच्या आत झालं, दोमला."

ते हसले. वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं झालं. "वर्षभर तरी घ्यायचं होतं मेल्यानं. तेवढंच बरं वाटलं असतं." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "छापायला पाठव. माझ्या नावानं. पुन्हा कुणाचं पोर यात जन्म घालवायला नको."

तिनं लेख एका नियतकालिकाला पाठवला. तिथं पहिली चाळणी यंत्रच लावत असे. जेवणाच्या सुट्टीआधीच नकार आला: निष्कर्षात नवीन काही नाही. दुसरीकडे पाठवला, तिथंही तेच. दोमला विचारत, "आलं का छापून?" ती म्हणे, "सावकाश चालतं त्यांचं." त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. हिवाळा संपता संपता ते गेले.

वसंतात संचालकानं बोअरवरची उपकरणं काढून आणायला सांगितलं. "गावं लांब पडतात ओपा, आणि उपयोग तरी काय आता?" त्याचं काही चुकत नव्हतं.

शेवटच्या गावात झुलहुमोर स्क्रू सोडवत होती, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी गरम रोटी घेऊन आली. गावाला एवढंच ठाऊक होतं, की भूकंपाआधी पाणी बिघडतं आणि दोमलांची माणसं सांगायला येतात.

"काय म्हणतंय गं पाणी?" म्हातारीनं विचारलं. "घरातच निजायचं ना आम्ही?"

"निजा, खाला. निर्धास्त निजा."

या शब्दांना आता कशाचाच आधार नव्हता. तो पूर्वीही नव्हता, हे मात्र तिला नव्यानं कळलं होतं. रोटी तिच्या हातात देऊन म्हातारी आशीर्वाद पुटपुटत परत गेली. झुलहुमोरनं उरलेले स्क्रू काढले, उपकरण गाडीत ठेवलं आणि ती पुढच्या सीटवर बसली. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "निघायचं का, ओपा?" तिनं मांडीवरची रोटी मोडली आणि अर्धी त्याच्या हातात दिली.