कोरडी भिंत

चारुदत्तनं स्टुलावर चढून बैठकीतला बाबासाहेबांचा फोटो खिळ्यावरून उतरवला आणि सत्यशीलाच्या हातात दिला.

"आतल्या खोलीत ठेवा, ताई. मी मानतो, माह्या घरी बी आहे. पन गिऱ्हाइकाचं सांगता येत नाही."

खरंच आहे का, हे तिनं विचारलं नाही. आर्णीच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढून ती आता नागपूरला मुलीकडे निघाली होती. घर विकायचं तर दलालाचं ऐकावं लागतं, असं मुलीनं फोनवर बजावलं होतं. फोटो पलंगावर ठेवताना आपण ऐकलं याचाच तिला जास्त राग आला.

चारुदत्त सकाळपासून घराच्या मागे लागला होता. स्लॅबच्या भेगेत पुट्टी भरली, मोरीत फिनेल ओतलं, स्वयंपाकघरातल्या ओल्या भिंतीपुढे फ्रिज सरकवला.

"इंजिनिअर घेऊन येऊन राह्यले ते. विचारल्याबिगर बोलू नका."

दुपारी गिऱ्हाईक आलं: अनंतराव आणि त्यांची बायको सुहासिनी, दोघंही बँकेतले, नुकतेच बदली होऊन आलेले. सोबत अभिषेक नावाचा तरुण इंजिनिअर. तो भिंतींवर बोटांनी ठोकत पुढे सरकत होता. बैठकीत थबकला. विटलेल्या रंगात एक ताजा चौकोन उठून दिसत होता.

"इथं काय होतं?"

"ओल होती," चारुदत्त चटकन म्हणाला. "मागच्या पावसाळ्यातली. पक्कं काम करून घेतलं."

सत्यशीला पुढे आली. खरी ओल झाकायला सकाळभर राबलेला माणूस कोरड्या भिंतीला ओल लावत होता.

"कायले खोटं बोलता?" ती म्हणाली. "तिथं बाबासाहेबांचा फोटो होता. ओल फ्रिजच्या मागं आहे. स्लॅबची भेग याईनं सकाळीच बुजवली."

अभिषेक स्वयंपाकघरात गेला. फ्रिज ओढल्याचा आवाज आला. अनंतराव त्याच्यामागे गेले नाहीत. त्यांनी चौकोनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. सुहासिनीनं पर्स खांद्याला अडकवली.

"घर छान आहे," ती म्हणाली. "विचार करून कळवतो."

"सर, ओल किरकोळ आहे," आतून अभिषेक सांगत होता. "सहज निघेल."

तोवर दोघं फाटकाबाहेर पोहोचले होते. अभिषेकही मग त्यांच्या मागे गेला.

"हातचं गिऱ्हाईक घालवलं तुम्ही," चारुदत्त म्हणाला. "काय गरज होती, ताई?"

"दुसरं आना. पन घर कोनाचं आहे, ते आधी सांगून आना."

"तसं सांगतलं तर येईन कोन?"

तो हे मागे घेईल, म्हणून सत्यशीला थोडा वेळ उभी राहिली. तो खिशातला मोबाईल काढून पाहत बसला.

"तुमच्याजवळची चाबी," ती म्हणाली, "ठेवून जा टेबलावर."