एक काना

मी प्रणिता, निडीची. पेणला रामवाडीत आमच्या दैनिकाचं ऑफिस आहे, तिथं मी शुद्धलेखन तपासते. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या पेणला ठाऊक. पेपर कुणी घेईना, स्टँडवरचे गठ्ठे तसेच परत यायला लागले, तेव्हा आमचे मालक सुजयदादा म्हणाले, शनिवारचा खास अंक काढू. मी म्हटलं, लोकं मोबाईलात डोकं घालून बसलीत, तुमचा शनिवार कोण बघतोय? तरी मान मोडून काम केलं. तो अंक चालला नसता तर दादा पेपरच बंद करणार होते.

पहिल्या पानावर रोह्याकडच्या एका खाडीकाठच्या गावाची बातमी होती. उधाणाला बांध फुटून खारं पाणी भातात शिरलेलं. वार्ताहरानं तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव घालून मथळा दिला होता, 'जनू गावंड यांच्या बाजूने खांड पडली'. मला हसूच आलं. आमच्या वरच्या गावांत एका शेतातलं पाणी दुसऱ्यात सोडायला बांध जरा कापतात, त्याला खांड पाडणं म्हणतात. ती आपोआप पडेल कशी? मी ऐटीत एक काना वाढवला. 'खांड पाडली'. कुणाला विचारलंसुद्धा नाही, अतिशहाणी ना मी.

शनिवारी सकाळी गठ्ठा घेऊन मीच त्या गावात गेले. अर्ध्या तासात सगळे अंक संपले. खरं सांगते, मला आनंद झाला.

मग आरडाओरडा ऐकू आला. जनूचा पुतण्या निकेश एका हातात आमचा पेपर आणि दुसऱ्या हातात फावडं घेऊन जनूच्या दारात उभा होता. मागं वीस-पंचवीस जण.

"कोलंबीच्या तलावासाठी बांध फोरलास?" निकेश म्हणाला. खाऱ्या पाण्यानं भात गेलं की त्याच शेतात कोलंबी पाळता येते, पैसा त्यात.

म्हाताऱ्यानं तोंड उघडायच्या आत फावड्याचा दांडा त्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो चिखलात पडला आणि सगळेच तुटून पडले. लाथा, दांडे, कुणाच्या हातात वल्हं. त्याची बायको जनी त्याच्या अंगावर आडवी पडली, तिला केसाला धरून बाजूला फेकली. त्याचा जबडा तुटून लोंबत होता.

मी मधे घुसले. "काना माझा हाय. चूक माझी हाय, सोडा त्याला."

एकानं मला ढकललं. "पेपरात लिवलाय गो. तू मधी परू नको."

दवाखान्यात जनीनं मला समजावलं. "आमच्यात खांड उधानानं परते. पारनारा म्हंजे गाव बुरवनारा." खांड म्हणजे त्यांच्याकडं भरतीनं बांधाला पडलेलं भगदाड, ती पाडणारा गावाचा वैरी. ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. त्याच वेळी दादांचा फोन आला. सगळीकडं अंक संपलेत, आणखी छापतो म्हणाले. मी त्यांना जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही.

मंगळवारी जनू गेला. गावानं पोलिसांना सांगितलं, बांधावरनं घसरून पडला. मी पाहिलेलं सांगितलं, पण त्यांनी गावाचंच लिहून घेतलं.

पुढच्या शनिवारी मी पहिल्या पानावर चूक कबूल केली, माझ्या नावानिशी. खाली मारणाऱ्यांची नावं, जनीनं सांगितलेली. दादा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. गठ्ठा घेऊन पुन्हा त्या गावात गेले. एकानंही अंक घेतला नाही. दारं लागत गेली.

निकेश तेवढा पुढं आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"काका निर्दोष व्हता म्हनून छापलंस," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग आमी कोन झालो?"

मी म्हटलं, "खुनी."

त्याची चपराक अशी बसली की मी भिंतीवर आपटले, ओठ फाटला, अंक चिखलात पसरले. जनी तिच्या दारातून बाहेर आली. तिनं एक अंक उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"मना वाचता येत नाय. तू वाच गो, मोठ्यानं."

मी वाचायला लागले. निकेशनं परत हात उचलला. मी त्याच्याच नावापर्यंत आले होते.