एका चुलीतली एक बाई

"दार लावून काय इचारती गं ती तुला?" जानकाबाईने विचारलं. नजर मात्र मुद्दाम तव्यावरच्या भाकरीवर ठेवली.

"सांगता येत न्हाई आक्का. मॅडम म्हणल्यात, कुणाला बोलू नका." धाकटी जाऊ गौतमी पदराने डोळे पुसत आत आली होती.

झालं! जानकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला रडण्यासारखं झालंय तरी काय? दहावी शिकून आळे गावाहून आयत्या घरात आली. धरणाच्या कामावर पाट्या वाहिल्या त्या कुणी? सासूचं दुखणं काढलं कुणी? आणि मॅडम मुलाखत घेणार हिची, वर चहा करून द्यायचा मोठीनं!

स्नेहा मॅडम पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून शिनोलीत आल्या होत्या. धरण झालं, कालव्याला पाणी आलं, पोरं भोसरीला कंपनीत जायला लागली, तशी इथली घरं कशी बदलली, ते त्यांना बायांच्या तोंडून ऐकायचं होतं. पहिल्याच दिवशी विहारात सगळ्या बायांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं होतं, "एका चुलीवर जेवणारी सगळी माणसं म्हणजे आमच्या लेखी एक कुटुंब. आणि एका चुलीतली एकच बाई आम्ही घेणार."

कोणती, ते चिठ्ठी टाकून ठरवलं. वाटीतून निघाली गौतमी.

जानकाबाई वरवर हसली. पण आत कुठंतरी चटका बसला तो बसलाच. उभ्या जन्मात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा बापानं नुसतं सांगितलं. लेकींची लग्नं नवऱ्यानं, पोपटरावांनी ठरवली आणि घरी येऊन कळवलं. आता परक्या गावची शिकलेली बाई 'तुमचं सांगा' म्हणत दारात येऊन बसते, आणि तिथंही नशिबानं दावा साधावा?

मॅडम दर आठवड्याला येत. दार लागे. आतून कधी हसू येई, कधी कुजबुज. जानकाबाई उगाच ओट्यावर तांदूळ निवडत बसे. निवडलेलेच पुन्हा निवडे. एकदा तिने 'सासू' एवढा शब्द ऐकला आणि तिच्या मनाने घेतलं, ही माझंच सगळं आपल्या नावावर सांगतेय! सासूचं हगणंमुतणं मी काढलं, आणि कौतुक हिचं!

त्याच आठवड्यात आमटीत मीठ जास्त पडलं. तेवढं निमित्त पुरलं. जानकाबाईने ताट सरकवलं, घरभर तोंड सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माती कालवायला बसली.

"अगं, येड लागलं का तुला?" पोपटराव ओरडले. "मिठावरनं कुणी चूल येगळी मांडतं का?"

"मी मांडती."

गौतमी हात जोडून समोर उभी राहिली. "आक्का, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

काय सांगणार? जानकाबाई मान खाली घालून चुलीला पोतेरं देत राहिली. तिचा हिशेब साधा होता. दोन चुली, म्हणजे दोन घरं, म्हणजे दोन बाया. मुलाखत झाली की चूल मोडून टाकू, हाय काय अन् न्हाई काय! पण चूल मांडणं आपल्या हातात असतं, मोडणं नसतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दीर रत्नदीप तसा गरीब माणूस. पण बायकोचं रडणं बघून त्याचंही डोकं फिरलं. "दादा, वयनीला आमचं अन्न गोड लागत न्हाई. मग वावर बी वाटून टाकू." भावकी बसली. बांध पडला. मधल्या दाराला आतून कडी लागली. पोपटराव बायकोशी बोलेनासे झाले. मुकाट्याने जेवायचे आणि उठून जायचे.

अन् मॅडम? त्या तर खूशच झाल्या. वेगळी झालेली घरं त्यांना हवीच होती. पुढच्या खेपेला त्या सरळ पडवीत आल्या. जानकाबाईने पेटीतलं निळं लुगडं नेसून तयारी केली होती. दार लागलं.

"जानकाबाई, वेगळ्या का झालात?"

हा प्रश्न असेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती चाचरली. "लिवा... भांडण."

मॅडमनी लिहिलं. "बरं, आता तुमच्याबद्दल सांगा. अगदी मनातलं."

जानकाबाईने पदर सावरला. इतक्या वर्षांचं साठवलेलं. कुठून सुरुवात करावी? "धाकट्या लेकीच्या बाळंतपणात मला हिवताप झाला, तवा गौतमीनं..." ती थांबली. दुसरं आठवलं. "माझी आई गेली. वाहन मिळंना. तवा गौतमी आन् मी घोडेगावपतुर चालत..." पुन्हा थांबली. "सासूला उचलायचं म्हंजी एकीचं काम नव्हतं. डोक्याकडनं मी आन् पायाकडनं..."

मॅडम हसून म्हणाल्या, "जाऊबाईंचं नको हो. त्यांचं त्यांनी सांगितलंय. तुमचं सांगा."

"माझंच सांगती की बाई."

"म्हणजे, फक्त तुमचं."

जानकाबाईने तोंड उघडलं. जे जे आठवलं, त्यात गौतमी होतीच. आपण काय करून बसलो, ते तिला त्या घडीला लख्ख कळलं.

मॅडम पेन धरून थांबल्या. भिंतीपलीकडं गौतमी जेवायला हाका मारत होती. नवऱ्याला, मग पोरांना, एकेकाचं नाव घेऊन. जानकाबाई शेवटच्या नावापर्यंत ऐकत राहिली.