माकड फार भराभर नारळ टाकतं

अंजनी सिस्टरला बाळांच्या शिरा सापडतात, हे अंबरनाथ पश्चिमेतल्या बऱ्याच आयांना ठाऊक होतं. जुलाबांनी सुकलेलं पोर, हाताला शीर म्हणून दिसत नाही, बाकीच्या सिस्टर टोचून टोचून रडकुंडीला आलेल्या, अशा वेळी डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "अंजनीला बोलवा." अंजनी यायची, बाळाचा इवलासा हात अंगठ्याखाली धरायची, आणि पोराने भोकाड पसरायच्या आत सलाईन सुरू झालेलं असायचं. अंजनीला आपल्या हातांचा गर्व होता. बोलून दाखवत नव्हती, एवढंच.

त्या गर्वाखाली एक भीती दडलेली होती. तिचे वडील महिपती काडेपेटीच्या कारखान्यात मशीनवर होते. पन्नाशीला टेकले आणि त्यांना कंपवात जडला. लोकांना वाटतं, आधी हात थरथरायला लागला. घरच्यांना माहीत होतं की आधी ते मंद झाले होते. "लोक हल्ली फार भराभर चालतात," असं ते कुरकुरत म्हणायचे आणि घरात सगळे हसायचे. लोक होते तसेच चालत होते. आता अंजनीचीही पन्नाशी दोन पावलांवर आली होती.

म्हणून तिने स्वतःची एक परीक्षा ठेवली होती. नवऱ्याच्या कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आला होता आणि त्यात एक गेम होता. माडावर माकड बसलेलं, ते नारळ टाकतं, आपण खाली टोपली सरकवून झेलायचे. ड्यूटीवरून आली की चहा निवेपर्यंत ती एक डाव खेळायची. घरच्यांना वाटायचं, आईला नाद लागलाय. आई मुळात खेळतच नव्हती, हात तपासत होती. नारळ झेलले गेले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

तो कॉम्प्युटर एक दिवस बंद पडला तो पडलाच. मुलगी प्रीती कॉलेजात होती, तिला नवा हवाच होता. अंजनीच्या भावाचा मुलगा सुजित उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता, त्याने नवाकोरा जोडून आणला. अंजनीची अट एकच, त्यात माकड पाहिजे.

"आत्या, किती भारी भारी गेम टाकलेत मी. गाड्यांचे, क्रिकेटचे. त्या माकडाला काय घेऊन बसलीस?"

"मला माकडच पाहिजे."

माकड काही सुखासुखी येईना. गेम होता जुन्या मोठ्या फ्लॉपीवर आणि नव्या मशीनला तसली फ्लॉपी घालायला तोंडच नव्हतं. सुजितने दुकानातल्या भंगारातून ती वाचणारा जुना ड्राइव्ह शोधून काढला, गेम सीडीवर उतरवला. नव्या मशीनमध्ये टाकला तर काळी खिडकी उघडायची आणि डोळा मारल्यासारखी मिटायची. पोराचे रविवार त्यात गेले. शेवटी कुठल्याशा सेटिंगमध्ये जाऊन, ही जुनीच विंडोज आहे अशी त्या गेमची समजूत घातली, तेव्हा कुठे पडद्यावर माड उगवला. "चालू झालं, आत्या. आता टेन्शन नाय," म्हणून सुजित चहा पिऊन गेला. खेळून मात्र कुणी पाहिलं नाही.

अंजनी खेळायला बसली आणि टोपली हलवायच्या आत नारळ जमिनीवर फुटून गेले. पुन्हा बसली, पुन्हा तेच. माकड फार भराभर टाकतंय, असं तिच्या मनात आलं. हे असलं वाक्य तिने घरात ऐकलेलं होतं. माकड तेच, माड तोच, टोपली तीच. मग बदललं कोण, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

ती कुणाजवळ बोलली नाही. नर्सबाई इतरांना सांगेल, आधी डॉक्टरला दाखवा; स्वतःच्या बाबतीत मूग गिळून बसली. रोज संध्याकाळी हरायची आणि सकाळी तोच हरलेला हात घेऊन दवाखान्यात जायची. हात आता खरंच थरथरायला लागला. एका बाळाला तिने तीनदा टोचलं, तरी शीर हुकली. त्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, मला केसपेपरच्या टेबलावर बसवा. चष्म्याचा नंबर वाढलाय." सोमवारपासून बसायचं ठरलं.

रविवारी तिने प्रीतीला हाक मारली. ही पोरगी मोबाइलकडे न बघता मेसेज लिहायची, इतकी बोटं चपळ. आपण किती मागे पडलो ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच अंजनीचा हेतू.

"जरा खेळून दाखव मला."

प्रीती बसली आणि हरली.

"नीट खेळ ना."

"नीटच खेळतेय. आई, हे माकड पिसाळलंय काय?"

"परत खेळ," अंजनी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. प्रीती परत हरली. आई परत परत खेळायला लावत होती, मुलगी हरत होती आणि आई मागे उभी राहून प्रत्येक हारीला सुखावत होती. लेकीच्या हरण्यावर इतकी खूष झालेली आई शोधून सापडायची नाही.

प्रीतीने वैतागून सुजितला फोन लावला. "जय भीम, सुजितदादा. तुझं माकड पागल झालंय." तो काय म्हणाला ते ऐकायला अंजनीने फोन हिसकावूनच घेतला.

"आत्या, ते लय जुनं आहे ना, ते मशीनच्या स्पीडवर चालतं. मशीन फास्ट तर तेपण फास्ट. त्याला स्लो करायचा एक छोटा प्रोग्राम भेटतो, येतो मी घेऊन."

"सुजित, खरं सांग. मशीन फास्ट झालंय, का मी स्लो झालेय?"

"तू कशाला स्लो होशील? मशीनच फास्ट आहे, आत्या."

अंजनी कॉटवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. प्रीती घाबरली. मग आजोबांचं, नारळांचं, केसपेपरच्या टेबलाचं सगळं बाहेर आलं. प्रीतीने तिचा हात धरून ठेवला. "एकटीच घाबरत बसलीस? मला सांगायचं तरी," ती म्हणाली आणि तिलाही रडू आलं.

चहाच्या वेळेला सुजित आला, त्याने माकडाला लगाम घातला. अंजनी बसली. नारळ जुन्या चालीने खाली आला आणि टोपलीत पडला. मग दुसरा. एकही खाली गेला नाही. थरथरतोय म्हणून जो हात ती पदराखाली लपवत होती तो भीतीनेच थरथरत होता, हे तेव्हा तिला कळलं.

सोमवारी केसपेपरच्या टेबलाकडे जाता जाता तिला वॉर्डातून रडणं ऐकू आलं. चिखलोलीची रखमाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या दोन्ही हातांवर कापसाचे बोळे चिकटवलेले, सुईचा ट्रे धरून उभी असलेली नवी सिस्टर घामाघूम. अंजनीने तिच्या हातातून ट्रे घेतला आणि बाळाचा पाय अंगठ्याखाली धरला.

"बाय, आनखी किती येला टोचशील गो त्याला?" म्हातारीने विचारलं.

"एकदाच," अंजनी म्हणाली, आणि एकदाच टोचलं.