ऊन लागलं

“मावशी, काळ्या माणसाला ऊन भाजतं का?”

विचारलं एकदाचं! आरोग्य उपकेंद्राच्या दाराआड अयोध्या आणि तब्बू खुसखुसल्या. ओढणी तोंडात कोंबली होती, तरी ऐकू आलंच. पैज त्यांचीच होती. मी विचारलं, तर आठवडाभर त्या माझं दप्तर वाहणार होत्या. तसंही मला ते खांद्याला लावता येत नव्हतं.

चतुरामावशी केरसुणीनं व्हरांडा झाडत होती. ती वाकलेलीच राहिली.

“तवा काळाच अस्तो की गं,” ती म्हणाली. “हात लावून बघ बरं.”

मी पाठ फिरवली आणि ओढणी काढली. दाराआडचं खुसखुसणं बंद पडलं. दोन्ही खांदे आणि पाठीचा वरचा भाग सुजला होता. बनियनच्या पट्ट्यांखाली तेवढा माझा मूळ रंग राहिला होता. बाकी सगळीकडे भाजत्या पापडावर येतात तसे फोड होते.

“मला ऊन लागलंय, मावशी.”

“ऊन लागलं? मग घरी काय केलं?”

“आईनं कांदा चोळला.”

“कुठं?”

“खांद्यावर.”

चतुरामावशी केरसुणी टाकून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अगं माय! तुझ्या आईला सांगायचं न्हाई का, कातडं जळालंय म्हनून!”

चूक आईची नव्हती. आमच्याकडे ऊन लागलं म्हणजे ताप चढतो, उलट्या होतात, डोळे फिरतात. त्याला कांदा आणि कैरीचं पन्हं हाच उपाय. नुसतं कातडं भाजलं तर त्याला काय म्हणायचं, ते कुणालाच माहीत नाही, कारण गावातली सगळी माणसं भाजून झालेलीच आहेत. मी घरात येऊन “आई, ऊन लागलं” म्हणाले आणि आईनं कांदा फोडला. रस फोडांवर गेला तेव्हा मी अशी ओरडले, की म्हणे पाझर तलावापर्यंत ऐकू गेलं. तलावात पाणी नाही, म्हणून आवाज जास्त घुमला असेल.

सिस्टर शिरूर कासारला मीटिंगला गेल्या होत्या. मावशीनं त्यांना फोन लावला. फोड फोडायचे नाहीत, दिवसातून चार वेळा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, मग पांढरं मलम, आणि आठ दिवस उन्हात जायचं नाही. मावशी प्रत्येक गोष्टीला “हाव, हाव” म्हणाली. गार पाणी म्हटल्यावर मात्र ती जरा थांबली आणि मग म्हणाली, “हाव.”

आठ दिवस माझ्याकडे नव्हतेच. शर्यत रविवारी होती आणि तो सोमवार होता.

तालुक्याच्या दूध संघानं ही शर्यत ठेवली होती, पंधरा किलोमीटरची. पहिल्या सहा मुलींना संघ बीडला वसतिगृहात ठेवणार होता. तिथं दहावी होणार, बारावी होणार, पळायला खरं मैदान मिळणार! नाही जमलं तर माझी शाळा दिवाळीपर्यंतच होती. आई आणि बापू दर वर्षी ऊस तोडायला जातात. इतकी वर्षं मी आजीजवळ राहायचे. आजी मागच्या वर्षी गेली आणि पंधरा वर्षांच्या पोरीला सहा महिने घरात एकटी कुणी ठेवत नाही. अयोध्याची बहीण अशीच आईबापांबरोबर गेली होती. ती परत आली ती लग्न ठरूनच.

शाळेतल्या बिभीषण सरांनी संघाचं पिवळं बनियन दिलं. त्याला बाह्या नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी खांदे उघडे टाकून पळाले आणि काय सांगू, अंगाला पंख फुटल्यासारखं झालं! आई ओरडली, म्हाताऱ्यांनी माना वळवल्या, पण मी पळालेच. सकाळी शाळा असते आणि संध्याकाळ पाण्याच्या मागे जाते, म्हणून मी रोज भर दुपारी पळत होते.

“तोंड न्हाई भाजलं, हात न्हाई भाजलं,” मावशी पट्टी ठेवता ठेवता म्हणाली. “ऊन वळखीच्या कातड्याला चावत न्हाई. हे खांदं त्यानं कदी पाह्यलंच न्हवतं.”

घरी आईनं पट्ट्यांना पाणी देणार नाही म्हणून सांगितलं. “प्यायचं पानी अंगावर घालू? लोकं काय म्हनतील?” ते खरंच होतं. तेव्हा तीन दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी चार हंडे मिळायचे. बापू बैल घेऊन चारा छावणीत होते, म्हणून आमचं कसंबसं भागत होतं.

त्यामुळे पाणी मावशीचं. उपकेंद्राचा माठ तळाला गेला होता. ती घरून कळशी आणायची, जुनं पातळ फाडून केलेल्या पट्ट्या त्यात बुडवायची आणि पिळलेलं पाणी परत कळशीत धरायची. पहाटे पळून आले की एकदा, शाळा सुटल्यावर एकदा, तीन वाजता एकदा, आणि संध्याकाळी एकदा. मी दारात दिसले की तिचा एकच प्रश्न असायचा.

“काय गं मना, ऊन लागलंय का उतरलंय?”

“कांदा आणलाय, मावशी!” मी म्हणायचे. मग आम्ही दोघी हसायचो.

उपकेंद्रात ती एकोणीस वर्षं होती. सरकारी कागदावर तिला अंशकालीन स्त्री परिचर म्हणतात. म्हणजे सकाळचे थोडे तास झाडलोट करायची आणि घरी जायचं. प्रत्यक्षात सिस्टर आठवड्यातून एखादा दिवस यायच्या, म्हणून कुलूप तीच उघडायची, तीच लावायची. बाळंतपणात बायका जिचा हात पिळून काढायच्या तो हात तिचाच असायचा. मी जन्मले तेव्हा आईनं तिची करंगळी मोडली होती. ती अजून वाकडी होती.

“मावशी, तुझं पानी संपंल.”

“मला कशाला लई लागतंय? मी अंशकालीन. मला पानीबी अंशच लागतंय.”

गुरुवारी तिनं विचारलं, “पंधरा किलोमीटर पळायचं ते कावून? मागं कोन लागलंय?”

“ऊस लागलाय,” मी म्हणाले.

या वेळी ती हसली नाही. पट्टी पिळून दुसरी ठेवली. ती स्वतः अकरा हंगाम तोडीला गेली होती.

“मग पळ,” ती म्हणाली. “शिफारसपत्राची काळजी करू नको. ह्यांना मी सांगितलंय.”

वसतिगृहाला गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनचं शिफारसपत्र लागतं आणि चेअरमन म्हणजे मावशीचे मालक, गहिनीनाथकाका. दुष्काळात संस्थेत चौदा लिटर दूध जमायचं. तरी शिक्का त्यांच्याकडेच होता.

शुक्रवारी टँकर यायचा होता, तो आला नाही. तो शनिवारी भर बारा वाजता आला. आमच्या घराचं पाणी आईनं भरलं, कारण सरांनी मला सावलीत बसायला सांगितलं होतं. मी शाळेच्या ओट्यावर पाय पसरून बसले होते. तिथून रांग दिसायची. चतुरामावशी शेवटून तिसरी होती. टँकरचा पाइप फुटला, तो बांधला, मग भांडण झालं. दोन तास गेले. मी तिला हात केला. तिनंही केला.

तीन वाजता मी शेवटच्या पट्टीला गेले. फोड बसले होते, नवं कातडं गुलाबी दिसत होतं. मी खुशीत होते. बापू छावणीवरून आले होते, खास माझ्यासाठी!

मावशी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. दोन हंडे शेजारी भरलेले होते. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

“पोरी, मला ऊन लागलंय गं,” ती म्हणाली.

“तुला? कुठं? दाखव!”

तिनं हात मानेकडे नेला. मान लाल झाली होती. मी आत जाऊन पांढऱ्या मलमाची ट्यूब आणली आणि तिच्या मानेला चोळलं, अगदी सिस्टरसारखं, गोल गोल. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. मला वाटलं, बरं झालं, मलम नीट बसेल.

“कांदा हाय का गं घरी?” ती म्हणाली.

मी हसून हसून वाकले. “कांदा! थांब, पोतंच आनते तुला!”

तीही हसली. तेव्हा मला तसं वाटलं. तिचे ओठ हलले, एवढं नक्की. मग तिनं माझी ओढणी धरली आणि म्हणाली, “बस जरा.”

“बापू आलेत, मावशी. उद्या पदक घेऊनच येते!” मी ओढणी सोडवून घेतली आणि पळाले.

रविवारी पहाटे सरांनी आम्हाला दुधाच्या गाडीतून शिरूरला नेलं. पाहुणे उशिरा आले, भाषणं झाली आणि साडेनऊला शिट्टी वाजली. अकराव्या किलोमीटरला पोटात कळ आली, तेव्हा मी मनात “ऊस, ऊस, ऊस” म्हणत पाय टाकले. चौथी आले. चौथी! गाडीत उभी राहून मी गावापर्यंत ओरडत आले.

गहिनीनाथकाकांच्या दारात बाया बसल्या होत्या. आई उठून माझ्याकडे आली, माझ्या गळ्यातलं पदक काढलं आणि पदराखाली घेतलं.

“चतुराबाई गेली,” ती म्हणाली. “सकाळी, बीडच्या दवाखान्यात. ऊन लागलं तिला.”

मी मूर्खासारखं विचारलं, “कुठं?”

काका दिवेलागणीला तिला शोधत उपकेंद्रात गेले, तेव्हा ती आडवी पडलेली होती, बोलत नव्हती. जीपमध्ये घालून बीडला नेलं. त्यापुढे मी नीट ऐकलंच नाही. दारात बसलेली बायनाबाई शेजारणीला सांगत होती, “एकली पडली बिचारी. कुनी असतं तर कांदा तरी लावला असता. आन मानंला पांढरं कायतरी लावलं होतं म्हनं. डॉक्टर पुसत होते, हे काय म्हनून. कुनालाच म्हाईत न्हाई.”

मला माहीत होतं.

घरी येऊन मी आईबापूंना सगळं सांगितलं. हंड्यांचं, मलमाचं, कांद्याचं, ओढणीचं. बापूंनी पाठीवर हात ठेवला. खांदा दुखेल म्हणून जरा खाली ठेवला.

“तू पोर हायेस,” ते म्हणाले. “तुला काय कळनार? कुनाला बोलू नको.”

“पत्र हातात येऊ दे,” आई म्हणाली. “मग बघू.”

ते दिवस मी कशी वागले, ते मला सांगता येत नाही. शाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकांवरची माझी जागा पुढे आली. उपकेंद्राला कुलूप होतं.

गुरुवारी संध्याकाळी गहिनीनाथकाका आले. अंगणातच थांबले. छावणीवर परत निघायच्या बेतात असलेले बापू “या” म्हणून उठले, तर ते म्हणाले, “सुतक हाय. आत येत न्हाई.” दाढी वाढली होती, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, ओट्याच्या कडेवर ठेवला आणि त्यावर छोटा दगड ठेवला.

“शनिवारी शेवटची तारीख हाय ना? दहावा झाल्यावर दिला असता, पन तवर मुदत गेली असती. शिक्का जरा वाकडा पडला.”

“अशा टायमाला कशाला तरास घेतला, चेअरमन,” बापू म्हणाले.

“तिनं सांगितलंतं. मनाचं पत्र आदी द्या.” ते माझ्याकडे वळले. “मना, तू रोज जायची ना पट्टीला? शनिवारी गेलती का गं? तवा कशी होती ती? मी सकाळपास्नं छावनीतच होतो. दुपारपास्नं कुनी पाह्यलंच न्हाई म्हनतेत तिला.”

मी तोंड उघडलं.

“न्हाई ओ भावजी,” आई पटकन म्हणाली. “शनिवारी ही घरीच होती. बापू आलते ना तिचे.”

काकांनी मान हलवली. एकदा हलवली, मग बराच वेळ हलवत राहिले. “बरं,” ते म्हणाले आणि गेले.

आईनं दगड बाजूला केला, कागद उचलला आणि पदरानं पुसला. त्यावर काहीच सांडलं नव्हतं.

“पेटीत ठिवते,” ती म्हणाली.

“दे इकडं.”

“मना.”

“दे, आई.”

तिनं दिला. काकांचं अक्षर मोठं आणि शाळकरी होतं. माझं पूर्ण नाव त्यांनी दोनदा लिहिलं होतं, पहिल्यांदा चुकलं म्हणून. एवढ्या शब्दांखाली रेघ होती: ‘मुलगी प्रामाणिक व मेहनती असून’.

“बापू, छावनीवर उद्या जा. आज आईपशी थांबा,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण पंधरा किलोमीटर पळून आल्यासारखा. “मी काकांच्या घरी चाललेय. शनिवारी तीन वाजता मी तिच्यापशी होते आन ती माझ्यासंगं बोलली, ते मी त्यांना सांगनार हाय. ती काय काय म्हनली, तेबी. हे पत्र संगं नेते, त्यांच्या हातात देते. सगळं ऐकून त्यांनी ते परत दिलं, तर मी बीडला जाईन. न्हाई दिलं, तर दिवाळीला तुमच्यासंगं येईन.”