खिळ्यावर टांगलेल्या कात्रीची कैफियत

मित्रांनो, कात्री म्हटलं की तुम्हाला कंपासपेटीतली ती प्लास्टिकच्या कानांची चिमुरडी आठवत असेल. तिची नि माझी ओळख नाही. मी शिंप्याची जुनी कात्री आहे. काळ्या मुठीची, लांब पात्यांची, आणि इतकी जड की नवखा माणूस मला उचलतो तेव्हा त्याचं मनगट आधी माझी परवानगी मागतं. माझं एक पातं बुडालेल्या जहाजाच्या नांगराचं आणि दुसरं फुटलेल्या तोफेचं आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले. दुकानातली इस्त्री अजून ते खरं मानते. खरं म्हणजे लोहाराने मला एका ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवलं. पण तुम्हीच सांगा, ट्रकचं नाव घेऊन कुणावर छाप पडते का?

लोहाराने मला तापवलं, ठोकलं, बुडवलं, पुन्हा तापवलं. शेवटी दोन्ही पाती एका खिळीत अडकवून तो म्हणाला, "घ्या बायांनो, आता जन्मभर एकमेकींना घासत बसा." तसंच झालं.

मला मास्तरांनी आणलं. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे शिंपी. दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एकच खोली. मध्ये बेतायचं लांब टेबल, खिडकीपाशी शिलाई मशीन, कोपऱ्यात काजं करायला बसणारी मास्तरांची बहीण, आणि टेबलाखाली कातरणीच्या ढिगात खेळणारी मास्तरांची मुलगी. मुलीला सगळे सुई म्हणत. ती होतीच तशी बारीक आणि सरळ. तिची आई ती फार लहान असताना गेली होती, त्यामुळे तिला आत्यानेच वाढवलं, म्हणजे अर्धं मायेने आणि अर्धं तोंडाने.

माझे ते दिवस काय वर्णावेत! मास्तर कापड पसरत, तळव्याने सुरकुती काढत, खडूची एक रेघ मारत आणि मला हातात घेत. मग मी जी सुटायची ती कापडाच्या दुसऱ्या टोकालाच थांबायची. एकदा दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची सावली टेबलावर पडली होती, तीही कोटाबरोबर कापली गेली. बिचारा कोट तयार होईपर्यंत बिनसावलीचा हिंडला. नाही पटत? इस्त्रीला विचारा.

सुई मोठी झाली. शिवणकामात तिचा हात बापापेक्षा साफ निघाला. मग एके दिवशी मास्तरांनी पोस्टमनच्या कोटाचं कापड तिच्यापुढे टाकलं आणि मला तिच्या हातात दिलं. "पुढचे-मागचे भाग मी कापलेत. बाह्या तू काप."

तिने बाहीचा कागद कापडावर ठेवला, रेघ मारली आणि एक बाही कापली. अगदी सुरेख. मग तोच कागद पुढे सरकवून दुसरी कापली. तीही सुरेख. फक्त मधे कागद उलटा करायचा राहिला. शिंप्याच्या घरात ही चूक कशी दिसते ठाऊक आहे? दोन्ही बाह्या डाव्या! त्या कापडाचा उलट-सुलट पोत वेगळा, आणि नवीन तुकडा मिळायला मार्ग नाही.

पोस्टमन भला माणूस. तो हसला आणि म्हणाला, "असू दे गं पोरी. उजवा हात मी खिशातच घालून हिंडतो, पत्रं डाव्याने वाटीन."

मास्तर मात्र हसले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं, फडक्याने पुसलं आणि टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवलं. बस, एवढंच. मित्रांनो, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर ती रडली असती, नाक पुसलं असतं आणि संध्याकाळी पुन्हा मला मागायला आली असती. पण त्या गप्प राहण्याला उत्तर कुठून आणायचं?

त्यानंतर सुईने मला हात लावला नाही. शिवणं, अस्तर, कॉलर, सगळं तिने केलं. कापणं तेवढं बापाचं. मास्तरांनीही पुन्हा कधी "घे" म्हटलं नाही. त्यांना वाटत होतं, पोरीला नको आहे. तिला वाटत होतं, बाबांना नको आहे. दोघांच्या मधे मी टेबलावर पडलेली. मला दोन पाती आहेत, पण जीभ एकही नाही.

असं करता करता सुईचे केस कानापाशी पांढरे झाले, आणि मग एका सकाळी मास्तरांची उजवी बाजू गेली. हात लुळा पडला, वाचा जड झाली. त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायला लागले. आणि आत्याने मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.

खिळ्यावरचं जगणं तुम्हाला सांगते. खाली मशीन खडखडत असते, तिला बोलायला फुरसत नसते. टेप रोज नव्या नव्या माणसांच्या गळ्यात पडते आणि परत येऊन कोण किती सुटलं त्याच्या चहाड्या सांगते. खडूदेखील झिजत झिजत का होईना, कामात असतो. मी एकटी भिंतीला पाठ लावून. कुणी वाईट वागत नव्हतं माझ्याशी, उलट सुई शनिवारी धूळसुद्धा झटकायची, लांबूनच, पिसांच्या झाडूने. पण धूळ झटकणाऱ्याने एकदा हातात घ्यावं असं वाटायचं. पात्यांच्या सांध्यात तांबूस ठिपके दिसायला लागले. रस्त्याने जाणारी माणसं पाहात मी दिवस ढकलायची आणि जहाजाची, तोफेची गोष्ट स्वतःलाच सांगायची. ऐकणारं कुणी नसलं की थापेतसुद्धा मजा राहात नाही हो.

दुकान आता नुसत्या दुरुस्त्यांवर चाललं होतं. चेन बसव, कंबर आत घे, तळपट्टी सोड. कुणी नवं कापड घेऊन आलं की सुई म्हणायची, "बाबा बरे झाले की बघू." खुर्चीत बसलेले बाबा ते ऐकायचे.

एक दिवस मिस्त्री आले. हे गवंडी. लहानपणापासून एकाच खांद्यावर ओझं वाहून त्यांचा उजवा खांदा चांगला चार बोटं खाली उतरलेला. तयार कोट त्यांच्या अंगावर असा दिसे, जणू हँगर मोडला आहे. त्यांच्या मुलीला रविवारी पदवी मिळणार होती, आणि समारंभाला जायचं नाही असं मिस्त्रींनी ठरवून टाकलं होतं.

"आजवर मास्तर कापून द्यायचे," ते म्हणाले. "सरळ दिसायचो मी. आता सगळ्यांसमोर पोरीशेजारी वाकडा कशाला उभा राहू? कापड आणलंय खरं, पण..."

सुई तोंड उघडणार तोच कोपऱ्यातून आत्या म्हणाली, "ठेवा हो मिस्त्री. शनिवारी न्या. ही कापून देते."

मिस्त्री गेले, आणि जी जुंपली!

"आत्या, तुला विचारलं होतं मी?"

"विचारलं असतंस तर नाहीच म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

"आणि बिघडलं म्हणजे?"

"बिघडलं तर मिस्त्री घरी बसतील. न कापलंस तरी घरीच बसतील. कापड तेवढं घडीत सुखरूप राहील, झालं. त्या घडीलाच पाठव मग समारंभाला!"

सुईने मला खिळ्यावरून काढलं. इतक्या वर्षांनी! तिचा अंगठा माझ्या कानात बसला. तिने मला टेबलावर ठेवलं आणि खडू घेतला. रेघ मारली, पुसली. पुन्हा मोजलं, पुन्हा मारली, पुन्हा पुसली. शुक्रवार उजाडला तरी हेच. गडद निळं कापड पिठाच्या गिरणीत जाऊन आल्यासारखं दिसायला लागलं. मला उचलायची, पाती उघडायची, कापडाच्या कडेशी न्यायची आणि खाली ठेवायची. दुपारी तिने मला सरळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं आणि म्हणाली, "नाही जमणार. मी मिस्त्रींना सांगून येते."

दुसऱ्या टोकाला मास्तरांची खुर्ची होती.

ती चपला घालत होती तेवढ्यात मास्तरांनी डावा हात टेबलावर टाकला आणि मला उचललं. मित्रांनो, आम्हा कात्र्यांची पाती उजव्या हातासाठी एकमेकींवर बसवलेली असतात. डाव्या हातात ती दाबण्याऐवजी फाकतात आणि कापड कापलं न जाता मधे दुमडतं. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनी मला कापडात घातलं आणि मूठ आवळली. मी कापलं नाही, मी चावले. कुत्र्याने चावावं तसं! त्या सुंदर निळ्या कापडाच्या कडेत वितीएवढा फाटका, दातेरी घाव पडला. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"बाबा!" सुई एका पायातल्या चपलेसह धावत आली. "अहो, काय केलंत हे?"

मास्तरांचं अर्धं तोंड हसत होतं. सावकाश, एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "बिघडलं. माझ्याकडून. आता... काप."

तिने तो घाव बोटांनी चाचपला. मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलला. "त्या बाह्या..." ते म्हणाले, "तेव्हाच... म्हणायला हवं होतं." आणि मला मुठीकडून तिच्यापुढे धरलं.

आत्याने काज सोडून पदराने डोळे टिपले आणि वर म्हणाली, "कापडाची वाट लावलीत बापलेकींनी. चला, आता तरी हात चालवा."

सुईने कापलं. सुरुवातीला मी अडखळले, गंज कुरकुरला. तिने मशीनच्या तेलाचे थेंब सांध्यात सोडले, मला उघडमीट केलं आणि पुन्हा चालवलं. चावलेला भाग कोटाच्या आतल्या बाजूला जाईल अशी सगळी मांडणी फिरवली, तरी कॉलरखाली एक जोड द्यावाच लागला. शनिवारी मिस्त्रींनी अंगावर घातला तेव्हा डाव्या खांद्याला ओढ येत होती. तिने तिथल्या तिथे टाके उसवले, पट्टी बदलली, पुन्हा शिवलं. मिस्त्री आरशासमोर गेले, या बाजूला वळले, त्या बाजूला वळले. नुसतं, "बरंय, उद्या लवकर निघायचंय," म्हणाले आणि कोट अंगात ठेवूनच गेले.

त्यानंतर मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसत आणि माझा आवाज ऐकत. सुई कुठे थबकली की त्यांची मान हलायची. मग एका दुपारी ती खुर्ची रिकामी झाली. त्या आठवड्यात दुकान बंद होतं. उघडलं त्या दिवशी सुईने मला घेतलं आणि शर्टाचं कापड बेतायला पसरलं. थबकली. कुणाचीच मान हलली नाही. मग तिने कापलं.

मित्रांनो, माझ्या गोष्टीतलं जहाज नि तोफ तुम्ही खुशाल विसरा. पण तुमच्या घरात पेटीत घालून, कपाटावर चढवून किंवा भिंतीला टांगून ठेवलेलं काही असेल, बिघडेल म्हणून न वाजवलेलं, न चालवलेलं, न लिहिलेलं, तर ते खाली काढा. आम्हाला तेल द्या, धार लावा, पुसा, सगळं करा. पण मुख्य म्हणजे हातात घ्या. आणि तुमच्यासमोर कुणी काही बिघडवलं, तर तेवढं गप्प राहू नका. काहीतरी बोला. अगदी हसा, तरी चालेल.

परवाच सुईने एका कुडत्याचा खिसा आखूड कापला. "अगं बाई!" म्हणाली, तुकडा उजेडात धरून बघितला, बाजूला टाकला आणि मला हातातून खाली न ठेवताच दुसऱ्या हाताने कापड ओढून घेतलं.